तालुक्याच्या कॉलेजात दुरून बायोइन्फर्मेटिक्स शिकवताना: मतं हवीत

मोर्शीकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

मी नागपुरात सिक्वेन्सिंगच्या लॅबमध्ये डेटा बघायचं काम करतो. गाव मोर्शी तालुक्यातलं. गेल्या वर्षापासून अमरावती, यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या काही तालुक्याच्या कॉलेजांत बीएससी-एमएससीच्या मुलांना बायोइन्फर्मेटिक्स शिकवतोय. म्हणजे डीएनएचे आणि प्रोटीनचे अक्षरांत लिहिलेले क्रम कॉम्प्युटरवर ताडून बघायचे आणि त्यातून काय निघतं ते काढायचं. मी नागपुरात, मुलं तिकडे. जुलैत नवी बॅच बसेल. त्याआधी इथल्या जाणकारांशी बोलायचंय, कारण माझं एक मत इतकं पक्कं होत चाललंय की कोणीतरी ते खोडायला हवं.

मत असं आहे. मास्तर दूर असला तरी भागतं. कॉम्प्युटर जुने असले तरी भागतं. नेट रडतखडत असलं तरीही भागतं. पण मुलांच्या खोलीत विषय थोडाफार कळणारा एक माणूस बसलेला नसेल तर काहीच भागत नाही. कोर्ससाठी जो काही पैसा जमेल तो आधी त्या माणसाला द्यावा, उरला तर बाकीच्याला.

हे माझ्या डोक्यातून आलेलं नाही. आफ्रिकेत एचथ्रीएबायोनेट नावाचं बायोइन्फर्मेटिक्सचं जाळं उभं राहिलं, केप टाऊन विद्यापीठातून चालवलेलं. त्यांनी २०१६ मध्ये तीन महिन्यांचा प्राथमिक कोर्स घेतला: १० देश, २० केंद्रं, ३६४ विद्यार्थी. व्याख्यानं आधीच रेकॉर्ड करून केंद्रांना पाठवलेली, म्हणजे नेट गेलं तरी वर्ग अडत नाही. आठवड्यातून दोनदा सगळी केंद्रं एकाच वेळी जोडली जायची आणि मुलं मुख्य शिक्षकाला प्रश्न विचारायची. या सगळ्याचा कणा म्हणजे प्रत्येक केंद्रात हजर असलेले मदतनीस. त्यातले काही मदतनीस स्वतःसुद्धा विषयात मुरलेले नव्हते, पण मुलांच्या चार पावलं पुढे होते आणि खोलीत होते. आपल्याकडे 'ऑनलाईन शिक्षण' म्हटलं की यातला पहिला भाग तेवढा उचलतात, व्हिडिओ. मदतनिसाचं नावही कोणी काढत नाही.

दुसरी गोष्ट डेटाची. या विषयाला मोठाले सर्व्हर लागतात असा लोकांचा समज आहे. संशोधनाला लागतात, शिकायला नाही लागत. कोरोनाच्या विषाणूचा जीनोम, म्हणजे त्याचा अख्खा क्रम, २९,९०३ अक्षरांचा, फाईल जेमतेम ३० केबीची. व्हॉट्सॲपवर येणारा 'शुभ सकाळ'चा गुलाब याच्यापेक्षा जड असतो. एवढ्याशा फाईलवर मी दोन आठवडे काढतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावतीत पुन्हा लॉकडाऊन लागला होता, तो या मुलांनी शाळकरी वयात पाहिलाय. पुढच्याच महिन्यात, २४ मार्चला, केंद्राने जाहीर केलं की महाराष्ट्रातल्या नमुन्यांत ई४८४क्यू आणि एल४५२आर हे बदल वाढलेले दिसतायत. मग मुलांना सांगायचं, यातला एल४५२आर तुम्हीच शोधा. स्पाईक म्हणजे विषाणूवरच्या काट्यांचं प्रोटीन, त्याचा जीन २१,५६३ व्या अक्षराला सुरू होतो. तीन अक्षरांचा एक कोडॉन, एका कोडॉनचं प्रोटीनमधलं एक अमिनो आम्ल, तर ४५२ वा कोडॉन कुठे येईल? वहीत गुणाकार करा. २२,९१६ पासून २२,९१८ पर्यंत. आता फाईल उघडून बघा: सीटीजी, म्हणजे ल्युसिन. मधला टी जाऊन तिथे जी आला की सीजीजी, म्हणजे आर्जिनिन. बातमीत ऐकलेला 'डबल म्युटंट' त्यांच्या वहीत येऊन बसतो. याला ना लॅब लागते ना सॉफ्टवेअर, आणि लाईट गेली तरी तास चालू राहतो.

अडचणी कोणत्या ते तुम्ही सांगालच. मला मुख्यतः तीन गोष्टींवर मतं हवीत: मदतनीस कुठून आणायचा, परीक्षा कशी घ्यायची, आणि व्हिडिओ किती ठेवायचे.

पुणेकर_पायथन

उपक्रम चांगला आहे, पण खटाटोप जरा जास्त वाटतो. २०१७ पासून सरकारचं ऑनलाईन कोर्सचं स्वयम आहे, आयआयटींच्या एनपीटीईएलवर आयआयटी मद्रासचा बायोइन्फर्मेटिक्सचा अख्खा कोर्स फुकट आहे. कोडिंगला कोलॅब आहे, ब्राउझरमध्ये चालतं, फोनवरही उघडतं. मोठं विश्लेषण करायचं तर गॅलॅक्सी आहे, काम त्यांच्या सर्व्हरवर होतं, आपलं मशीन कितीही जुनं असो. ईबीआय या युरोपातल्या बायोइन्फर्मेटिक्सच्या संस्थेचं प्रशिक्षण मोफत. रोझालिंड नावाच्या साईटवर गणितं सोडवत सोडवत पायथन शिकता येतं. आता खेड्यातही फोर-जी पोचलंय. ज्याला शिकायचंय तो शिकतो, मी तसाच शिकलो. खोलीत बसवलेला माणूस नक्की काय करणार?

सीएचबी_मास्तर

पुणेकर, तो माणूस काय करतो ते सांगतो, कारण तो माणूस मीच आहे. चिमूरकडे एका कॉलेजात झूलॉजी शिकवतो, तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबी.

मागच्या सत्रातला एक तास. सोपं काम होतं: सरांनी पाठवलेला क्रम ब्लास्टमध्ये टाकायचा, म्हणजे डेटाबेसमधले त्याच्यासारखे क्रम तो शोधून देतो. पहिल्या मुलाने क्रम वर्डच्या फाईलमध्ये साठवला होता. ती अपलोड केली तर लाल अक्षरांत चूक. का, ते त्याला कळेना, कारण फाईल उघडली की क्रम बरोबरच दिसतो. त्याला नोटपॅड उघडून दिलं. शेजारची मुलगी फोनवरून टाइप करत होती. फास्टा म्हणजे क्रम लिहायची ठरलेली पद्धत, तिच्या पहिल्या ओळीत ग्रेटर-दॅनची खूण लागते, तीच तिला कीबोर्डवर सापडेना. तिसऱ्याने नावाची ओळ आणि क्रम एकाच ओळीत चिकटवले, म्हणजे अख्खा क्रमच नाव समजला गेला आणि पुढे रिकामं. चौथ्याने प्रोटीनचा क्रम न्यूक्लिओटाइडच्या, म्हणजे डीएनएच्या, पानावर टाकला. चौघांच्या चार तऱ्हा, आणि चौघांचंही एकच म्हणणं: 'सर, साईट बंद आहे.'

यातली एकही गोष्ट कोणत्याही व्हिडिओत नसते, कारण व्हिडिओ बनवणाऱ्याला या चुका होतात हेच माहीत नसतं. घरी एकटा बसलेला पोरगा इथेच फोन खाली ठेवतो आणि हा विषय आपल्यासाठी नाही असं ठरवून मोकळा होतो. तुम्ही तसे शिकलात हे खरं. पण तुमच्यासोबत सुरू करून सोडून दिलेले किती होते, ते तुम्हाला दिसले नसतील.

वऱ्हाडी_ठेचा

राजेहो, मी काही शास्त्रज्ञ नाही. शेती करतो, पोरगी बीएससीले आहे म्हणून वाचून रायलो. फोर-जी पोचलं म्हंता ना, पोचलं. पण पोचलं कोनाच्या हातात? घरात चांगला फोन एकच, अन् तो पोट्ट्याजवळ. संध्याकाळी सातले तुमचा लाईव्ह क्लास, तवा पोरगी सैपाकाले लागली असते अन् पोट्टा रील पाहून रायते. तिले फोन भेटते रात्री दहाले, तवापर्यंत दीड जीबी खल्लास. तुमचं जे काय आहे ते कॉलेजच्या टायमातच घ्या बाप्पा. साडेचारच्या यष्टीच्या आत.

अन् एक इचारतो. बोंडअळीचं काही निंगते का तुमच्या या कॉम्प्युटरमंधून? २०१७ ले यवतमाळकडे गुलाबी बोंडअळीनं कापूस कसा खाल्ला ते आम्ही पायलं. बीटी हाय म्हनत होते, मंग अळी मेली काहून नाही?

मोर्शीकर (धागाकर्ता)

ठेचाभाऊ, कॉलेजच्या वेळेचं तुम्ही बोललात ते अगदी खरं. पहिल्या बॅचला संध्याकाळचे तास होते, मुली हळूहळू कमी होत गेल्या. आता सगळं सकाळी घेतो. यात एक आयता फायदाही आहे, मास्तरांना माहीत आहे. ब्लास्ट ज्या एनसीबीआय या सरकारी संस्थेच्या सर्व्हरवर चालतो तो अमेरिकेत. आपली सकाळ म्हणजे त्यांची रात्र, तेव्हा गर्दी कमी. आपण संध्याकाळी बसलो की तिकडचं ऑफिस उघडतं आणि आपला क्रम रांगेत तिष्ठत राहतो.

बोंडअळीचं विचारलंत ते माझ्या आवडीचं. बीटी कपाशीत क्राय१एसी हे प्रोटीन असतं, २००६ नंतरच्या बोलगार्ड-२ मध्ये सोबत क्राय२एबी. क्राय१एसी अळीच्या आतड्यातल्या कॅडेरिन नावाच्या प्रोटीनला जाऊन चिकटतं, तेव्हा त्याचा असर होतो. भारतातल्या प्रतिकारक गुलाबी बोंडअळ्यांत या कॅडेरिनचे जीन बिघडलेले सापडलेत. एकाच जीनचे तुकडे वेगवेगळ्या तऱ्हांनी चुकीचे जोडलेले. म्हणजे विषाने जिथे चिकटायचं ती जागाच मोडली. सगळी गोष्ट एवढ्यात संपत नाही. लांबलेला हंगाम, फरदड म्हणजे वेचणीनंतरही कपाशी शेतात ठेवणं, आश्रयासाठी लावायची बिगर-बीटी ओळ कोणी न लावणं, हे सगळं त्यात आहे. पण कॅडेरिनचे साधे आणि मोडके क्रम खुल्या डेटाबेसमध्ये पडलेले आहेत, ते शेजारी शेजारी मांडून बघता येतात. जुलैच्या बॅचला हा धडा ठेवतोय. तुमच्या पोरीला बसवा.

पुणेकर, तुम्ही सांगितलेली साधनं मीही वापरतो, त्यांच्याशी भांडण नाही. पण रोझालिंडचंच बघा: गणिताचा डेटा उतरवला की उत्तर पाच मिनिटांत द्यायचं. तालुक्याला त्या पाच मिनिटांत कधी पानच उघडत नाही. साधन चांगलंच आहे, फक्त ते बनवताना समोर धरलेला विद्यार्थी वेगळा होता.

प्रयोगशाळा_ताई

मी गडचिरोली जिल्ह्यात सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियन आहे. हा धागा वाचताना वाटलं की आता कोणीतरी म्हणणार, सिकलसेल शिकवा, रक्ताचा हा विदर्भाचाच आजार आहे. बरोबर आहे, शिकवा. पण एक गोष्ट आधी ऐका.

वर्गात 'तुमच्यापैकी कोणाला आहे' असं चुकूनही विचारू नका. 'घरी कोणाला आहे' हेही नको. आमच्याकडे तपासणीला येणाऱ्या मुली रिपोर्ट दुपट्ट्यात लपवून नेतात. वाहक असणं, म्हणजे बदललेला जीन एकाच पालकाकडून आलेला असणं, हा आजार नव्हे, हे आम्ही बोलून बोलून थकलो, तरी सोयरीक जुळताना नेमकी हीच गोष्ट काढली जाते. १ जुलै २०२३ ला शहडोलहून राष्ट्रीय अभियान सुरू झालं, ७ कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलं, २०४७ पर्यंत आजार संपवायचं लक्ष्य. तपासणी होते, कार्डं मिळतात, गावात पुढे काय बोललं जातं ते कोणत्याही कार्डावर नसतं.

तुमच्या मदतनिसांना हे सांगून ठेवा. उत्साही मास्तर 'स्वतःच्या घरातलं उदाहरण आणा' म्हणून मोकळे होतात.

मोर्शीकर (धागाकर्ता)

ताई, हे मदतनिसांच्या पहिल्या बैठकीतच घेतो. आम्ही सिकलसेलचा धडा फक्त डेटाबेसमधल्या प्रमाण क्रमावर घेतो, कोणाचाही नमुना नाही, कोणाची माहिती नाही. तरीही तो शब्दांत लिहून दिलेला नियम म्हणून नव्हता, तो आता लिहून देतो.

धडा कसा असतो ते सांगतो, कारण तो सगळ्यात जास्त रंगतो. बीटा-ग्लोबिन हा रक्तातल्या हिमोग्लोबिनचा एक भाग, त्याच्या जीनची सुरुवात फळ्यावर लिहायची: एटीजी, जीटीजी, सीएटी, सीटीजी, एसीटी, सीसीटी, जीएजी, जीएजी. मुलांनी कोडॉनच्या तक्त्यावरून अमिनो आम्लं लिहायची. सिकलसेलमध्ये जीएजीचा जीटीजी होतो, ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येतं. एका अक्षराचा फरक. पुस्तकात लिहिलेलं असतं, 'सहाव्या जागी'. मुलं मोजतात आणि तो कोडॉन सातवा निघतो. दर वेळी भांडण. एक गट म्हणतो पुस्तक चूक, दुसरा म्हणतो आपण चुकलो. खोलीतल्या मदतनिसाला सांगून ठेवलेलं असतं की लगेच उत्तर द्यायचं नाही. मुलं युनिप्रॉट या प्रोटीनच्या डेटाबेसवर माणसाच्या बीटा-ग्लोबिनचं पान उघडतात, तिथे पहिलं मेथिओनिन तयार प्रोटीनमधून कापलं जातं अशी नोंद दिसते. जुन्या लोकांनी प्रत्यक्ष प्रोटीन मोजलं, त्यात मेथिओनिन नव्हतं, म्हणून सहा. जीनवरून मोजलं की सात. दोन्ही बरोबर. डेटाबेसवर आंधळा विश्वास ठेवायचा नाही आणि पुस्तकावरही नाही, हे मला व्याख्यान देऊन कधीच शिकवता आलं नसतं.

वेळ उरला तर पुढचं: डीडीई-वन नावाचं एन्झाइम सीटी, मग कोणतंही एक अक्षर, मग एजी, असा तुकडा दिसला की तिथे कापतं. साध्या जीनमध्ये त्या जागी सीटीजीएजी आहे, सिकलसेलमध्ये सीटीजीटीजी. मग कापेल का? पूर्वी याच फरकावरून डीएनएची तपासणी करायचे. हे सगळं कागदावर.

कुंपणावरून

वाचतोय. सगळं छान आहे, पण कोणीतरी विचारायलाच हवं: याने नोकरी लागते का? तीन महिन्यांच्या कोर्सने कोणी बायोइन्फर्मेटिशियन होत नाही. विदर्भात या कामाच्या जागा किती? नागपूरच्या दोन-चार संस्था सोडल्या तर काय आहे? मुलांना आशा दाखवायची आणि नंतर त्यांनी पोलीस भरतीच्या मैदानावर जायचं. त्यापेक्षा तोच वेळ स्पर्धा परीक्षेला दिलेला बरा नाही का?

सीएचबी_मास्तर

कुंपणावरून, प्रश्न रास्त आहे. मी मुलांना नोकरीचं आश्वासन देत नाही, मोर्शीकर सरही देत नाहीत. मिळतं ते एवढंच: एमएससीला आता रिसर्च प्रोजेक्ट आलाय, आणि आमच्या कॉलेजात डीएनएच्या प्रती काढायचं पीसीआर मशीन नाही. आधी प्रोजेक्ट म्हणजे सिनियरचा प्रोजेक्ट घेऊन नाव बदलायचं. आता दोन-तीन मुलं खुल्या डेटावर स्वतःचं काहीतरी करतायत. एक मुलगी संत्र्याच्या ग्रीनिंगच्या जिवाणूवर करतेय. हा जिवाणू प्रयोगशाळेत सहज वाढवता येत नाही, म्हणून त्याची ओळख पटवायची ती डीएनएवरूनच. तिच्या वडिलांची वरुडकडे बाग आहे. पुण्याला किंवा नागपूरला मुलाखतीला गेली तर तिच्याजवळ बोलायला काहीतरी असेल, तेही स्वतः केलेलं. पोलीस भरतीला जाणारे जातीलच, त्यांना कोण अडवतंय?

पुणेकर_पायथन

मास्तर, तुमचा वर्डच्या फाईलचा किस्सा आमच्या टीममध्ये वाचून दाखवला. हसलो, आणि मग आठवलं की नव्या इंजिनियरलाही पहिल्या आठवड्यात कोणीतरी शेजारी बसून हेच दाखवतं. खोलीतल्या माणसाचं पटलं. व्हिडिओचं नाही पटलं, ते ठेवाच, फक्त छोटे आणि उतरवून ठेवलेले. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलची मराठी ध्वनिफीत असलेली लिनक्स-पायथनची ट्युटोरियलं आहेत, दहा-दहा मिनिटांची, मशीनवर साठवून दाखवता येतात.

आता माझ्या क्षेत्रातलं थोडं. एक जुनं मशीन कॉलेजात सर्व्हर करून ठेवा. त्यावर ब्लास्ट बसवा आणि वर सिक्वेन्ससर्व्हर टाका, म्हणजे मुलांना ब्राउझरमध्ये वेबसारखंच पान दिसेल. सोबत स्विस-प्रॉट हा प्रोटीनचा डेटाबेस टाका, साडेपाच लाखांवर तपासलेली प्रोटीनं आहेत, दाबलेली फाईल साधारण शंभर एमबीच्या आत. पेनड्राईव्हवर मावते. सगळा मोठा डेटाबेस उतरवायच्या फंदात पडू नका, तो शेकडो जीबी आहे. वायफायचा एक राउटर लावा, बाहेरचं इंटरनेट नसलं तरी वर्गातले फोन त्या मशीनला जोडले जातील. वंशवृक्ष काढायला मेगा आहे, विंडोजवर नेटशिवाय चालतं.

सीएचबी_मास्तर

मशीन आहेत. नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या दर्जा तपासणीच्या, वेळी आलेली, अजून प्लॅस्टिकच्या कव्हरात. चावी लॅब असिस्टंटकडे आणि तो शुक्रवारी शेतावर. बसवून द्यायला माणूस पाठवाल का? राउटर आम्ही वर्गणीतून घेऊ.

लाईटचं मात्र काही सांगता येत नाही. एक युक्ती आम्हाला उपयोगी पडली, बाकीच्यांसाठी लिहून ठेवतो. एनसीबीआयवर ब्लास्ट टाकला की वर एक आरआयडी येतो, अकरा अक्षर-अंकांचा. तो मुलांना लगेच वहीत उतरवायला लावतो. लाईट गेली, टॉवर गेला, काहीही झालं तरी शोध तिकडे चालू असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तो नंबर टाकला की निकाल समोर. दीड दिवसाच्या आसपास राहतो, मग पुसला जातो. मुलांच्या वह्यांच्या मागच्या पानांवर आता आरआयडीच्या रांगा दिसतात.

तिसरं_सेमिस्टर

नमस्कार. मी मोर्शीकर सरांच्या मागच्या बॅचला होते. पहिल्यांदाच इथे लिहितेय. सर, एक शंका तेव्हा विचारायची राहिली होती. आम्ही कॉलेजच्या मशीनवर स्विस-प्रॉटमध्ये एक प्रोटीन शोधलं, आणि तेच एनसीबीआयच्या वेबसाईटवर शोधलं. सापडलेलं प्रोटीन तेच, जुळणी तीच, बिट-स्कोअर, म्हणजे जुळणीचे गुण, तेही जवळपास सारखे. पण ई-व्हॅल्यू वेबवर कितीतरी पट मोठी आली. मैत्रीण म्हणाली आपल्या मशीनचा ब्लास्ट जुना आहे. तसं असतं का?

मोर्शीकर (धागाकर्ता)

छान शंका. मशीनचा दोष नाही. ई-व्हॅल्यू म्हणजे एवढ्या मोठ्या ढिगात एवढी चांगली जुळणी निव्वळ योगायोगाने किती वेळा सापडेल, याचा अंदाज. तुमच्या क्रमाची लांबी गुणिले डेटाबेसची एकूण लांबी, आणि त्याला २ च्या बिट-स्कोअर इतक्या घाताने भागायचं. स्कोअर तोच राहिला आणि डेटाबेस हजारपट मोठा झाला, तर ई-व्हॅल्यूही साधारण हजारपट. म्हणून कोणी नुसती ई-व्हॅल्यू सांगितली तर आधी विचारायचं, डेटाबेस कोणता? मोठमोठ्या प्रबंधांतही हे लिहायचं राहून जातं.

मैत्रिणीला सांग, दोन्ही डेटाबेसची लांबी निकालाच्या पानावर दिलेली असते. तिने भागाकार करून बघावा.

पुणेकर_पायथन

परीक्षेचं कोणी बोललंच नाही. ऑनलाईन प्रश्नपत्रिका दिली तर उत्तरं ग्रुपवर फिरणार. आता एआयला विचारून लिहिणार ते वेगळंच.

सीएचबी_मास्तर

फिरू द्या की. आम्ही प्रत्येकाला वेगळा क्रम देतो, रोल नंबरप्रमाणे. सर तिकडून छोटा प्रोग्रॅम चालवून प्रमाण जीनमध्ये प्रत्येकासाठी वेगळ्या जागी एक-दोन अक्षरं बदलतात. मुलाने शोधायचं: जीन कोणता, बदल कुठे, अमिनो आम्ल बदललं की नाही, बदललं तर कशाचं काय झालं. एकमेकांना रीत सांगता येते, उत्तर देता येत नाही. आणि रीत सांगितली तर बिघडलं काय? नंतर पाच मिनिटं तोंडी. 'हा बदल गप्प का राहिला?', म्हणजे अक्षर बदलूनही अमिनो आम्ल तेच का राहिलं, असं विचारलं की एआयकडून उतरवलेला लगेच उघडा पडतो.

आता मोर्शीकर सरांना माझा एक प्रश्न, सगळ्यांसमोरच विचारतो. धाग्यात तुम्ही लिहिलंत की पैसा आधी खोलीतल्या माणसाला द्यावा. मला पटतं, कारण तो माणूस मी आहे. पण हे तास माझ्या सीएचबीच्या तासांत धरले जात नाहीत. कॉलेज म्हणतं अभ्यासक्रमात नाही, म्हणून मानधन नाही. मागचं सत्र मी आवडीने केलं. जुलैत मला दुसऱ्या कॉलेजातले तास मिळण्यासारखे आहेत. तेव्हा नक्की पैसा कोणाचा आणि किती?

मोर्शीकर (धागाकर्ता)

मास्तर, प्रश्न टाळत नाही. मागच्या बॅचला आम्ही चार-पाच मित्रांनी वर्गणी काढून मदतनिसांना प्रवासखर्च दिला, त्याच्या वर काही नाही. ते पुरेसं नव्हतं. जुलैपासून तासाला तुमच्या सीएचबीच्या दराइतकं द्यायचं असं आमचं ठरलंय. सहा महिन्यांची तजवीज झालीय, त्यापुढची नाही. कॉलेजने हा कोर्स क्रेडिटमध्ये घेतला तर तास अधिकृत होतील. तसा प्रस्ताव दोन प्राचार्यांकडे दिलाय. एकांनी वाचलाय.

पुणेकर_पायथन

आमच्या कंपनीत सीएसआरचं, म्हणजे समाजकामाच्या पैशाचं, विचारलं. टॅब द्यायला तयार आहेत, वीस-पंचवीस. माणसाच्या तासाचे पैसे द्यायला तयार नाहीत. म्हणे फोटो काय काढायचा?

सीएचबी_मास्तर

टॅब आले तर ते ठेवायला आणखी एक कपाट, आणि त्याची चावी पुन्हा लॅब असिस्टंटकडे. त्यांना म्हणावं, मला उभा करून माझा फोटो काढा.

वऱ्हाडी_ठेचा

मास्तर, आमच्या गावात भागवत सप्त्याले वर्गणी जमते, तुमच्या तासाले काहून नाही जमनार? मी बोलतो दोन-चार जनांशी. जादा नाही होनार, पन पोरीच्या कॉलेजपुरतं पाहू. पोरीचं नाव कुठं द्यायचं तेवढं सांगा.

मोर्शीकर (धागाकर्ता)

ठेचाभाऊ, मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. कॉलेज कोणतं आणि तिथे एखादा बॉटनी-झूलॉजीचा मास्तर तयार आहे का, एवढं कळवा. मास्तर नसेल तर एमएससी झालेला गावातला कोणीही चालेल, त्याला जूनमध्ये दोन आठवडे मी स्वतः तयार करतो. धड्यांच्या फाईली सोमवारी निघतील, वर्ग मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी. पुणेकर, सर्व्हर बसवायला मेमध्ये येता येईल का? ऊन सोसवत असेल तर.

पुणेकर_पायथन

येतो. एका शनिवार-रविवारात दोन कॉलेजं होतील. मास्तर, चावीचं बघून ठेवा.

प्रयोगशाळा_ताई

सिकलसेलच्या धड्याची फाईल मुलांना जायच्या आधी मला पाठवा. वाहक आणि रुग्ण यातला फरक नीट लिहिलाय का ते मला बघायचंय. आणि शेवटी तपासणी कुठे होते ती ओळ घाला, जवळचं आरोग्य केंद्र. ज्याला जायचं तो आपला आपण जाईल.